आधी रेघ, मग अक्षरं

१२ जानेवारी

ही डायरी बँकेतली. दर वर्षी मिळते, दर वर्षी मी ती घरी आणते आणि दर वर्षी तिच्यात किराणाच्या याद्या होतात. यंदा वाटताना मॅनेजर मॅडम म्हणाल्या, "जपून वापरा. ही शेवटची. पुढच्या वर्षीपासून सगळं फोनमध्येच." शेवटची म्हटल्यावर तिच्यात साबण आणि साखर लिहायला हात धजेना. म्हणून हे लिखाण.

त्याच दमात मॅडमनी दुसरंही सांगून टाकलं. आमचा सह्यांचा विभाग ३१ मार्चला बंद. त्यानंतर मी मदत खिडकीवर. 'आमचा विभाग' म्हणजे मी, एक भिंग आणि भिंतभर खण. खणांत खातेदारांच्या नमुना सह्यांची कार्डं आणि त्यांचे जुने अर्ज. बाहेरून कागद येतो, मी कार्ड काढते, दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवते, 'जुळते' किंवा 'जुळत नाही' असा शिक्का मारते आणि खाली माझी सही करते. बावीस वर्षं हेच. या बावीस वर्षांत मला चकवून गेलेली खोटी सही एकही नाही.

"चकवून गेली असेल तर ती तुला कळणार कशी?" आमच्या ह्यांनी जेवून उठताना विचारलं. नवऱ्यांना असे प्रश्न भरल्या पोटीच सुचतात.

वाईट वाटलं का? थोडं. भीती वाटली नाही. जिला माणसाचा हात वाचता येतो तिचं कुठल्याही खिडकीवर अडत नाही.

१५ जानेवारी

मुख्य कार्यालयातून यंत्र आलं आणि ते चालवायला एक बाई. तिशीची असेल. यंत्र म्हणजे काचेची एक पाटी आणि एक पडदा. खातेदारानं पाटीवर बोटानं सही करायची. यंत्र ती जुन्या सहीशी ताडून बघतं आणि किती जुळते त्याचे टक्के सांगतं. कागदावरच्या सहीचा फोटो दिला तर तीही वाचतं. बाईंचं नाव मी मनातल्या मनात यंत्रवाली ठेवलं आहे.

हजेरीपुस्तकात तिनं सही केली ती पाहिली. एक आडवी रेघ, शेवटी किंचित वर. उन्हात वाळलेलं गांडूळ जसं.

"ही सही?" मी विचारलं.

"मॅडम, दिवसातून चाळीस वेळा काचेवर करावी लागते. रेघेवर भागतं."

कुरियरवाला त्याचा फोन पुढे करतो तेव्हा मी त्याच्यावर काय करते? रेघच.

१८ जानेवारी, रविवार

बाबांकडे जाऊन आले. बाबा धाकट्याकडे असतात. धाकटा म्हणजे माझा भाऊ. त्याचं मोटारी दुरुस्तीचं गॅरेज पुढे आणि घर मागे.

"आल्या तपासनीस बाई!" हे बाबांचं ठरलेलं स्वागत. आज इतक्या हळू म्हणाले की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. पंच्याहत्तरीनंतर माणसं आवाजही जपून वापरत असावीत.

विभाग बंद होतोय हे सांगितलं. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, चाळीस वर्षं. मग छापील कापडाच्या पाट्या आल्या आणि ब्रश डब्यात गेले. म्हणाले, "माझा धंदा कापडानं खाल्ला, तुझा काचेनं. आपल्या घराण्याला कुठली वस्तू धार्जिणी नाही." पण चेहऱ्यावर हसूच नाही. पूर्वी विनोद करून स्वतःच आधी हसायचे. धाकट्याच्या त्या ग्रीसच्या वासात राहून माणसाचं हसू आटेल नाही तर काय होईल.

आणि त्यांचे ते कपडे! जन्मभर कडक कॉलरचा शर्ट घातलेला माणूस, त्याला ह्यानं डोक्यातून घालायचे बिनबटणांचे ढगळ सदरे आणून दिलेत. मी विचारलं तर म्हणतो, "सोयीचे पडतात, ताई." कुणाच्या सोयीचे? ह्याची इस्त्री वाचते. चहासुद्धा अर्धाच कप दिला बाबांना. भरून द्यायला काय जातं?

निघताना धाकटा गॅरेजच्या दारापर्यंत आला, काहीतरी बोलायचंय असं तोंड करून उभा राहिला आणि बोललाच नाही. त्याचं लहानपणापासून असंच. पोटातलं ओठावर आणायला त्याला मुहूर्त लागतो.

येताना औषधाच्या दुकानाची पाटी बघितली. बाबांनी रंगवलेली. खाली उजव्या कोपऱ्यात त्यांची सही अजून आहे. पाट्या रंगवणारे आधी दोरी ताणून सरळ रेघ मारून घेतात आणि मग त्या रेघेला अक्षरं टांगत जातात. बाबा सहीही तशीच करतात. बाकीचं जग अक्षरं लिहून वर रेघ देतं, बाबा आधी रेघ ओढतात. माझ्या प्रगतिपुस्तकावर ते सही करायचे तेव्हा मी टेबलाला हनुवटी टेकवून बघत बसायचे. पेन टेकलं की एक लांब रेघ, श्वास न सोडता. मग तिच्याखाली एकेक अक्षर. गुण कितीही पडोत, रेघ तेवढीच रुबाबदार. माझ्या नोकरीचं मूळ शोधायला गेलं तर ते त्या टेबलापाशी सापडेल.

२७ जानेवारी

आज मॅनेजर मॅडमनी माझी आणि यंत्राची शर्यत लावली. तीस कागद. एकोणतीस ठिकाणी एकमत. तिसावा एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा. यंत्र म्हणालं चव्वेचाळीस टक्के, परत पाठवा. मी म्हटलं, जुळते. बाईंना बोलावून घेतलं. सही त्यांचीच निघाली.

यंत्रवालीनं विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"त्यांच्या अंगठ्याला पट्टी आहे. खिडकीतून कागद दिला तेव्हाच पाहिली. तुमचं यंत्र सही बघतं. मी हात बघते."

हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की घरी येऊन ह्यांना दोनदा ऐकवलं.

१ फेब्रुवारी, रविवार

टिटवीला, म्हणजे आमच्या कन्येला, अठरा पूर्ण झाली. आता तिला ओळखपत्रावर सही करायचीय आणि तिच्याकडे सहीच नाही! परीक्षेच्या कागदांवर नुसतं नाव लिहून भागलं, बाकी अठरा वर्षांत कुठे लागलीच नाही. सगळीकडे आकडे दाबायचे नाही तर चेहरा दाखवायचा. काल रात्रभर खपून तिनं एक काढली: नावाचं पहिलं अक्षर आणि पुढे डोळा मारणारं तोंड.

"हे ओळखपत्र आहे की चॉकलेटचं वेष्टन?"

"आई, सहीत माणसाचा स्वभाव दिसावा असं तूच म्हणतेस ना?"

तिला बाबांकडे नेलं. म्हटलं, आजोबा एक छानशी काढून देतील. पण बाबांनी पेनच हातात घेतलं नाही. खुर्चीत बसूनच सांगत राहिले, "बोटांनी लिहू नकोस, ग. अक्षर खांद्यातून येतं. उभी राहा. हवेत काढ. मोठं. अजून मोठं." टिटवी खोलीभर हात फिरवत होती, तिचा धक्का लागून भिंतीवरच्या पंख्याची दोरी तुटली. मजा आली खरी. तरी मला लागलंच. एक नमुना काढून द्यायला किती वेळ लागतो? आधी नातीसाठी जिवाचं रान करायचे. आता पेन उचलायचा कंटाळा.

टिटवीची सही मात्र झाली. दणकट आहे. आधी रेघ, मग अक्षरं.

११ फेब्रुवारी

यंत्रवाली आता डबा माझ्याच टेबलावर खाते. जुनी कार्डं फोटो काढून यंत्रात भरण्याचं काम दोघी मिळून करतो. ती म्हणते, "मॅडम, ह्या काचेवर माणूस किती जोर देतो, कुठून सुरुवात करतो, कुठे थांबतो, तेही नोंदलं जातं. कागदावर नुसती शाई उरते." पटलं नाही. पण विसरलेही नाही.

१८ फेब्रुवारी

राग अजून उतरलेला नाही. नीट क्रमानं लिहिते.

सकाळच्या टपालात बाबांच्या खात्याचा एक अर्ज होता. लिहिलं होतं की यापुढे माझ्या वतीनं माझ्या मुलानं सही करावी, त्याची सही ती माझीच समजावी. अक्षर धाकट्याचं. खाली बाबांची सही.

सही बघितली. ही बाबांची सही नाही. बाबांची सही वीतभर पसरते, ही तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांची. पहिलं अक्षर बरं, पुढची आणखी आणखी बारीक, शेवटचं तर दिसेना. आणि ती रेघ! श्वास न सोडता ओढलेली नाही. तीन ठिकाणी तुटलेली, पेन उचलून उचलून पुढे सरकवलेलं. कचरत, अडखळत, थांबत. नक्कल करणाऱ्याचा हात असाच चालतो. नवशिक्यांना मी हेच शिकवते.

नियम असा आहे की घरच्या माणसाचा कागद आपण तपासायचा नाही. मी तो यंत्रवालीकडे दिला. तिनं यंत्राला दाखवला. एकतीस टक्के.

महिनाभर मी त्या यंत्राशी भांडतेय. आज पहिल्यांदाच मला त्याचं म्हणणं मनापासून पटलं.

मग मी एक करायला नको ते केलं. अर्जाच्या कडेला लिहिलं, 'सही खातेदाराची नाही', आणि खाली माझी सही ठोकली. यंत्रवाली म्हणाली, "मॅडम, घरच्यांचं तुम्ही..." मी म्हटलं, "घरच्यांचं आहे म्हणूनच."

बाबांच्या नावानं स्वतः सही करून बाबांचाच हात काढून घ्यायचा! बाबांचं आहे काय त्यांच्यापाशी, त्या नावाशिवाय?

२० फेब्रुवारी

गॅरेजमध्ये गेले होते. धाकटा एका गाडीखाली उताणा. मी तशीच उभी राहून बोलले.

"अर्ज तू लिहिलास?"

"हो. बाबांनी सांगितला, मी लिहिला."

"आणि सही?"

"त्यांची."

"माझ्यासमोर खोटं बोलतोस? बावीस वर्षं मी हेच काम करतेय."

तो बाहेर आला. हात पुसत बसला, त्या मळक्या फडक्यानं पुसून हात आणखीच मळले. म्हणाला, "ताई, घरात चल. बाबांनाच विचार."

"त्यांना कशाला मध्ये घालतोस? त्यांना लाज वाटेल तुझी."

मग तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहून ठेवते, पुढेमागे उपयोगी पडेल. म्हणाला, "ताई, तू सही बघितलीस. बाबांचा हात कधी बघितलास?"

वर मलाच उपदेश! माझंच वाक्य माझ्यावर फेकलं. कुणी सांगितलं ह्याला, टिटवीनंच असणार. मी पाठ फिरवून निघून आले. बाबांना भेटलेही नाही.

२४ फेब्रुवारी

धाकट्याचा फोन नाही. मीही केला नाही. चुकलेल्यानं आधी करावा.

४ मार्च

पुरावा गोळा करायचा म्हणून आज बाबांचा खण उपसला. दहा वर्षांतले त्यांचे सगळे अर्ज काढले आणि टेबलावर तारखेप्रमाणे रांगेनं लावले. मॅनेजर मॅडमना दाखवायचं होतं की खरी सही ही आणि खोटी ही.

पहिली सात वर्षं, तीच ती रुबाबदार रेघ. मग तीन वर्षांपूर्वीची एक सही, तीच पण किंचित आखूड. पुढची आणखी आखूड. त्यापुढची अक्षरं दाटीवाटीनं उभी. गेल्या वर्षीची शेवटाकडे बारीक होत गेलेली. या अर्जावर मीच 'जुळते' मारलं होतं? नाही, घरच्यांचं, म्हणून शेजारच्या शाखेतून तपासून आलेलं. मी बघितलंसुद्धा नव्हतं. आणि सगळ्यात शेवटी अठरा फेब्रुवारीची.

मी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. परत आले. खोटी सही एका दिवसात जन्माला येते. ही तीन वर्षं लहान होत आली होती. नक्कल करणारा माणूस तीन वर्षं रोज थोडं थोडं खोटं कशाला बोलेल?

मग भिंग घेतलं. जे पहिल्याच दिवशी घ्यायला हवं होतं. अक्षरांची शाई रेघेच्या वर चढलेली. म्हणजे रेघ आधी. तुटकी, थकलेली, तीन ठिकाणी थांबलेली, पण आधी ओढलेली. धाकटा जन्मभर अक्षरं लिहून वर रेघ देत आलाय, त्याला ही रीत माहीतही नाही.

सही बाबांचीच आहे.

यंत्रवाली पाण्याचा ग्लास ठेवून गेली.

घरी येऊन ह्या डायरीची मागची पानं उलटून पाहिली. हळू आवाज. अर्धा कप, सांडू नये म्हणून. बिनबटणांचे सदरे. न हसणारा चेहरा. न उचललेलं पेन. सगळं माझ्याच हातानं लिहून ठेवलंय, तारीख घालून. बारा जानेवारीचं 'चकवून गेलेली एकही नाही' हे वाक्य खोडावंसं वाटलं. नाही खोडलं. राहू दे.

५ मार्च

रजा टाकून गेले. धाकटा पार्ट आणायला बाहेर गेला होता. बाबा एकटेच, खिडकीपाशी.

"आल्या तपासनीस बाई," म्हणाले. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि वही पुढे केली. म्हटलं, "बाबा, सही करा."

त्यांनी पेन घेतलं. बोटं पेनावर बसायलाच वेळ लागला. रेघ ओढली, थांबली. पुन्हा ओढली, थांबली. मी टेबलाला हनुवटी टेकवली होती हे माझ्या नंतर लक्षात आलं.

अक्षरं झाली, मुंगीएवढी. वही माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "तपासा. नापास करा."

"मला का नाही सांगितलंत?"

"कुणाला सांगू? अख्ख्या गावात सहीतलं कळणारी एकच बाई, ती माझ्या घरची. धाकट्याला काय, तो स्क्रू बघतो. त्याला शपथ घातली, ताईला दाखवू नकोस. अर्ज तुझ्याच टेबलावर येईल हे नाही सुचलं मला. यंत्र आलंय म्हणाली होतीस, वाटलं यंत्रच बघेल." थोडा दम खाऊन म्हणाले, "यंत्रापुढे लाज वाटत नाही, ग."

मी त्यांचा उजवा हात माझ्या हातात घेतला. किती दिवसांनी. मनगट वाकवून पाहिलं, ते सरळ वाकेना, दातेरी चाकासारखं अडत अडत वळत होतं. मी डॉक्टर नाही. पण हात मला वाचता येतो, निदान आज तरी वाचला.

"बाबा, हे वय नाही. हे काहीतरी वेगळं आहे. उद्याच दाखवायचं."

"धाकट्यालाही हेच वाटतं. मीच नको म्हणतो."

"आता नको म्हणायची सोय नाही. अर्ज नामंजूर झालाय तुमचा."

९ मार्च

डॉक्टरीणबाईंनी पंधरा मिनिटं नुसतं बघितलं. अंगठा आणि बोट एकमेकांवर आपटायला लावलं, चालायला लावलं, एकच वाक्य पाच वेळा लिहायला लावलं. पाचवी ओळ पहिलीच्या निम्मी झाली होती. मग म्हणाल्या, कंपवात.

"पण कंप कुठाय?" बाबा म्हणाले. "माझा हात थरथरत नाही."

"सगळ्यांचा थरथरत नाही, आजोबा. काहींचं सगळं लहान होत जातं. अक्षर, आवाज, पावलं, चेहऱ्यावरचं हसू."

आजार जाणार नाही. औषधानं हात मोकळा होईल, व्यायामानं बरीच वर्षं चांगली जातील, असं म्हणाल्या. आणि म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. मोठं करा. मोठ्यानं बोला, मोठी पावलं टाका, मोठं लिहा. नुसत्या बोटांनी नाही, खांद्यापासून हात हलवून."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "फी परत मागूया," ते म्हणाले. "हे मी चाळीस वर्षं फुकट शिकवतोय."

१० मार्च

दोन कामं. दोन्ही अवघड.

सकाळी मॅनेजर मॅडमना लेखी दिलं की अर्जावरचा माझा शेरा चुकीचा आहे आणि घरच्या कागदावर शेरा मारण्याचा मला अधिकार नव्हता. मॅडम म्हणाल्या, "एका ओळीत दोन नियम मोडलेत. बावीस वर्षांत पहिल्यांदा ना?" मी म्हटलं, "मला माहीत असलेली पहिली." माझ्या कागदपत्रांत नोंद होईल. होऊ दे.

संध्याकाळी गॅरेज. धाकटा गाडीखालीच. मी खाली फरशीवर बसले, साडीची पर्वा न करता.

"चुकलं माझं," गाडीखाली तोंड घालून म्हटलं.

"ऐकू आलं नाही."

"चुकलं म्हटलं!"

"लेखी दे."

मी पर्समधून कागद काढून खरंच चिठ्ठी लिहिली: 'मी चुकले. ताई.' त्यानं पडल्या पडल्याच हात बाहेर काढून ती घेतली. मग आतून आवाज आला, "ही सही तुझीच कशावरून?"

हसता हसता मला रडू आलं आणि तो बाहेर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांभोवती काळं होतं, पुसल्याचं. मी विचारलं, "तू का सांगितलं नाहीस रे?" म्हणाला, "बाबांनी शपथ घातलेली. आणि ताई, तुला काही सांगायचं म्हणजे तू आधीच 'मला माहितेय' म्हणतेस."

हे मात्र मला माहीत नव्हतं.

२२ मार्च, रविवार

औषध लागू पडतंय. हळूहळू, पण पडतंय. धाकट्यानं गॅरेजची मागची भिंत काळ्या रंगानं रंगवली आणि बाबांना खडूचा डबा आणून दिला. रोज सकाळी बाबा उभे राहतात, पाय फाकवून, पाट्या रंगवताना उभे राहायचे तसे. दोरी धाकटा धरतो. आधी रेघ, दोन हात लांब. मग अक्षरं.

वहीत मुंगी होणारी तीच अक्षरं भिंतीवर हत्तीएवढी येतात. मी स्वतः बघितलं नसतं तर खरं मानलं नसतं. खांद्याला आजार अजून कळलेला नाही, असं बाबा म्हणतात. गिऱ्हाइकं धाकट्याला विचारतात, दुकानाचं नाव बदललं का?

टिटवीही जाते. दोघं शेजारी शेजारी सह्या करतात आणि एकमेकांना गुण देतात. तिला काल दहापैकी चार मिळाले. तिनं आजोबांना नऊ दिले. म्हणाली, एक गुण खडू मोडल्याबद्दल कापला.

मुलाला सहीचा अधिकार देणारा अर्ज बाबांनी मागे घ्यायचं ठरवलंय. "माझं नाव मी लिहीन, लिहिता येतंय तोवर," म्हणाले. धाकट्यानं सगळ्यांच्या आधी मान डोलावली. अडचण एकच. नवी नमुना सही द्यायला हवी, आणि कार्डावरची चौकट दोन बोटांची.

३१ मार्च

शेवटचा दिवस. खण रिकामे, कार्डं गाठोड्यात.

अकरा वाजता बाबा आले, धाकट्याबरोबर. कडक कॉलरचा शर्ट! बटणं धाकट्यानं लावली असणार, एक खालीवर झालं होतं. कार्ड पुढे ठेवलं. बाबांनी दोनदा प्रयत्न केला. चौकट दिसली की हात आपोआप आक्रसतो, रेघ तीनदा तुटते. तिसऱ्यांदा त्यांनी पेन ठेवून दिलं. शाई आणि कागद यांच्या पलीकडे माझी विद्या संपत होती.

यंत्रवाली बाजूला उभी राहून बघत होती. म्हणाली, "आजोबा, मॅनेजर मॅडमच्या खोलीत चला." तिथे भिंतीवर मोठी काच आहे, सभेत आकडे दाखवायची. बोट लावलं की रेघ उमटते. तिनं त्या काचेची तार यंत्राला जोडली. "इथे करा. हवी तेवढी मोठी. लहान करायचं काम यंत्राचं, तुमचं नाही."

बाबांनी काचेकडे पाहिलं. उंची मापली. पाय फाकवून उभे राहिले. बोट टेकलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, श्वास न सोडता, एक रेघ.

"नुसती रेघ?" मॅनेजर मॅडम हळूच म्हणाल्या.

"थांबा हो," धाकटा म्हणाला.

मग पहिलं अक्षर लागलं. मग दुसरं. हात थोडा अडला, बाबांनी खांदा मागे घेतला, पुढे गेले. शेवटचं अक्षर पहिल्याइतकंच मोठं. पडद्यावर तीच सही लहान होऊन चौकटीत जाऊन बसली. रेघ अखंड. यंत्रवाली म्हणाली, "मॅडम, बघा, रेघ आधी काढली हेही यंत्रानं नोंदवलंय. आता ह्यांची नक्कल कुणाला जमणार नाही." तपासणी करणाऱ्याच्या जागी तिनं स्वतःची सही केली. गांडूळ नव्हतं ते. पूर्ण नाव लिहिलं, सावकाश.

बाबांनी मागे वळून विचारलं, "काय तपासनीस बाई, जुळते का?"

"मला विचारू नका," मी म्हटलं. "नियम आहे. मी घरची आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू हल्ली उशिरा येतं. मी थांबले.